पोटातलं एक

मामंजींनी डोक्यावरचं मुंडासं सोडून आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, हातात दिलं आणि मी मान खाली घातली. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांना बोडक्या डोक्यानं मी कधी पाहिलं नव्हतं. विरळ पांढरे केस आणि कपाळावर मुंडाशाखालचा गोरा पट्टा. एवढा दांडगा माणूस, पण त्या उन्हात एकदम म्हातारा दिसायला लागला.

खिंडीच्या अलीकडे आमचं आंबघोळ, पलीकडे माझं माहेर धारवट. दोन्ही गावं होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडीत उभी होती, पण मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी जागा सोडून. गुरवानं जमिनीतून मातीचं ओलं ढेकूळ काढलं, त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि मामंजींच्या टाळूवर ठेवलं.

"बोल, हैबती," धारवटचे म्हातारे पंच गणूतात्या म्हणाले.

"ही शिवेची माती माझ्या डोक्यावर हाय. मी चालंन ती शीव. खोटं चाललो तर माझ्या घरातलं माणूस मातीत जाईल."

"घरात माणसं किती?"

"तुम्हीच मोजा."

गणूतात्या आमच्यासमोर आले. मामंजींच्या खांद्याला हात लावला, एक. आत्याबाई, दोन. माझी बिनलग्नाची नणंद गजरा, तीन. माझ्या खांद्याला हात लावला, चार. मग त्यांची नजर माझ्या पोटावर आली. मला आठवा लागला होता. तात्यांनी हात लावला नाही, नुसतं बोट दाखवलं.

"आन् पोटातलं एक. पाच."

"ते कशाला धरता तात्या?" आत्याबाई पटकन म्हणाल्या. "ते अजून जलमलं तरी हाय का?"

"छपराखाली जेवढा जीव, तेवढा जामीन. तुझा ल्योक मुंबईला हाय, त्याला धरला का? हे छपराखाली हाय. धरायचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला कुणी विचारलं होतं का हो? हे तात्या म्हणजे लहानपणी मला खांद्यावर बसवून जत्रेला नेणारे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, पण त्यांनी मान वळवली. सुनेनं तिथं तोंड उघडायची रीत नव्हती.

आता हे सगळं कशापायी, तर पाण्यापायी. खिंडीत एका उंबराखाली झरा आहे. चैत्र-वैशाखात दोन्ही गावांच्या विहिरी तळ गाठतात, पण ह्या झऱ्याला धार असते. कुणाच्या तरी आज्याच्या काळी तिथं शिवेचा धोंडा होता. तो कुणी काढला म्हणाल तर आंबघोळ धारवटकडे बोट करतं आणि धारवट आंबघोळकडे. तरी बायका दोन्हीकडून पाणी नेत होत्या. कुरबुरी व्हायच्या, दोन शिव्या व्हायच्या, परत पाणी भरून सगळ्या घरी. मग एका उन्हाळ्यात एकीनं दुसरीची घागर रांगेतून मागं सरकवली. घागर गडगडली, फुटली. झिंज्या धरल्या गेल्या. बायकांची भांडणं बायकांनीच मिटवली असती, पण बाप्ये मध्ये पडले. काठ्या निघाल्या. धारवटच्या आनंदा लोहाराचा डोळा गेला. पुढच्या आठवड्यात आमच्या गावच्या गवताच्या गंजी पेटल्या. मग फौजदार, कोर्ट, तारखा. दोन्ही गावांतल्या लेकी ज्या गावी दिलेल्या होत्या तिथंच अडकल्या. माझं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते सोडाच, आईचं तोंड बघून मला दोन उन्हाळे झाले होते.

कोर्टात काही निघेना तेव्हा म्हाताऱ्यांनी जुनी रीत काढली. शीव चालायची. एका गावानं माणूस द्यायचा, दुसऱ्या गावानं पाळत ठेवायची. होळीनंतर पाडव्यापर्यंत त्याच्या घरात माणूस दगावलं नाही, तर तो चालला ती शीव खरी. दगावलं, तर शीव खोटी, पाणी समोरच्यांचं, आणि ते घरही खोटं. खोट्या घराला कुणी विस्तव देत नाही, त्या घरची पोर कुणी करून घेत नाही.

मामंजी चालायला लागले. वळून बघायचं नाही, बोलायचं नाही. शेकड्यानं माणसं, पण वाळल्या गवतावर त्यांच्या पायांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. उंबरापर्यंत ते सरळ गेले आणि उंबराखाली थांबले. वाट चुकलेलं माणूस इकडंतिकडं बघतं, तसे बघतसुद्धा नव्हते. नुसते उभे. डोक्यावरच्या ढेकळातून पाणी निथळून कानाच्या मागून ओघळत होतं. आमच्या गावचे लोक कुजबुजायला लागले. माझ्या पोटात बाळानं अशी एक लाथ मारली की मी गजराचा हात धरला.

मग मामंजी झऱ्याच्या पलीकडच्या अंगानं वळले. झरा आंबघोळात आला. आमच्याकडच्यांनी 'बहिरोबाच्या नावानं चांगभलं' केलं. धारवटकडचे सगळे आमच्या पाच जणांकडे बघत होते.

त्या दिवसापासून आमचं घर म्हणजे घर राहिलं नाही.

पाळतीला माणूस समोरच्या गावचा, पण ह्या घराच्या नात्यातला द्यायचा, अशी रीत. नात्यातला माणूस घात करत नाही आणि देवासमोर खोटं बोलत नाही, असा त्यामागं विचार. धारवटनं माझा थोरला भाऊ दिला, केरबा. दिवस उगवला की तो आमच्या समोरच्या बांधावर पांगाऱ्याखाली येऊन बसायचा, दिवेलागणीला उठून जायचा. आमच्याशी बोलायचं नाही, आमचं पाणी प्यायचं नाही. पहिल्या दिवशी मी दारात आले, त्याला बघितलं आणि सवयीनं "दादा" असं तोंडातून निघालं. त्यानं डोळे मिटून घेतले.

मला वाटलं होतं, भाऊ समोर असला की बरं वाटेल. उलट झालं. पाठीला खाज सुटली तरी हात मागं न्यायची चोरी. मी शिंकले की तो ताठ व्हायचा. गजरा उंबऱ्याला ठेचकाळली तर तो उठून उभा राहिला. आमच्या गावचे लोकही तसलेच. आम्हाला विहिरीवर वाकू देईनात, चुलीपाशी फार बसू देईनात. कुणी तूप आणून ठेवायचं, कुणी अंडी, पण सगळं ओट्यावर. उंबऱ्याच्या आत कुणी पाऊल टाकत नव्हतं. आणि संध्याकाळी खिंडीच्या उतारावर धारवटच्या बायका येऊन उभ्या राहायच्या. माझ्या काक्या, मावश्या, माझ्याबरोबर सागरगोटे खेळलेल्या पोरी. लांबून तोंडं दिसायची नाहीत, लुगड्यांचे रंग दिसायचे. त्या आमच्या घरात कुणी मरतंय का हे बघायला आलेल्या असायच्या. त्यांच्यात आई नसायची. मी रोज शोधायची.

मामंजी रोज सकाळी न्याहारीला बसले की मला एकच विचारायचे.

"सूनबाई, हलतंय न्हवं?"

सासऱ्यानं सुनेला असलं विचारावं, अशी आमच्यात पद्धत नाही. मला लाज वाटायची. मी पदर पुढं ओढून म्हणायची, "हलतंय, मामंजी." मग ते भाकरीचा तुकडा मोडायचे. मी सांगेपर्यंत मोडायचे नाहीत.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी त्यांनी विचारलं आणि माझा हात पोटावर गेला.

"सूनबाई?"

"कालपासनं न्हाई, मामंजी."

त्यांनी ताट बाजूला सारलं. आत्याबाई चुलीपुढून धावत आल्या, माझ्या पोटाला कान लावला, पोट चोळलं, मला डाव्या कुशीवर निजवलं, गूळपाणी पाजलं. "झोपलं आसंल. झोपत्यात पोरं शेवटी शेवटी," म्हणाल्या. मी पाहिलं, त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

मामंजी भिंतीला टेकून बसले होते. कुणाला म्हणून नव्हे, असे बोलले.

"उंबराखाली माझं पाय थांबलं. शीव कुठनं जाती ते मला खरंच ठावं न्हवतं. गाव म्हनलं झरा आपला, मी म्हनलं असंल. पण पाय थांबलं तवा कळलं. पाय म्हनत हुतं झऱ्याच्या अलीकडनं वळ. मी त्यास्नी ओढून पलीकडनं नेलं."

"गप बसा," आत्याबाई म्हणाल्या. "भिंतीपलीकडं कुणी आसंल."

दुसऱ्या दिवशी दुपारी मला कळा सुरू झाल्या. गावात पोरं रंग खेळत होती, त्यांचा कालवा ऐकू येत होता. समोर केरबा बसलेला. आत्याबाईंनी कुणाला बोलावलं नाही. माझ्या तोंडात जुन्या लुगड्याचा बोळा दिला आणि गजराला जात्यावर बसवलं. "दळ. थांबू नकोस." गजरा दळत राहिली. पायलीभर ज्वारी संपली तरी आत्याबाई तिला थांबू देईनात. रिकामं जातं फिरवू नये म्हणतात. आमच्या घरात त्या दुपारी रिकामं जातं फिरत होतं, दगडावर दगड. मामंजी बाहेर ओट्यावर, केरबाला दिसतील असे बसून चऱ्हाट वळत होते.

मुलगी झाली. रडली नाही.

आत्याबाईंनी सगळं केलं. पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात तोंड घालून फुंकलं, कांदा फोडून नाकाशी धरला. मग त्यांनी तिला कोमट पाण्यानं आंघोळ घातली. घातली म्हणजे काय, रीतसर घातली, नाक पिळलं, टाळूवर तेल घातलं. मला दाखवली. केस दाट होते हो. जावळ कपाळावर आलेलं. मी हात पुढं केले तर त्यांनी क्षणभर दिली आणि परत घेतली.

मामंजी आत आले. तिच्याकडे बघितलं आणि मुंडासं काढलं.

"मी जातो," म्हणाले. "बांधावर जाऊन केरबाला सांगतो. खोटं माझं हाय, माझ्या तोंडानं सांगतो."

"सांगा की," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढवायची सोय नव्हती, दात आवळून बोलत होत्या. "आन् मग गजरीला कोण करून घील? आपल्याला विस्तव कोण दील? पाणी गेलं म्हनून आपलंच गाव आपल्या दाराशी काठ्या घिऊन यील. मग धारवट बी निघंल. पुन्यांदा डोळं फुटतील, पुन्यांदा गंजी पेटतील. आन् आज सांजच्याला त्या उतारावर कोण उभं आसंल? हिची मानसं. हिच्या पोरीच्या मढ्यावर गुलाल उधळतील ती. चालंल का गं तुला, चांगुणे? तुझ्या म्हायेरनं तुझ्या पोरीवर गुलाल उधळल्याला?"

मला रडायचं होतं, एवढंच. घसा फोडून, छाती बडवून रडायचं होतं. तेवढं एक सोडून माझ्याकडून सगळं करून घेतलं त्या दिवशी.

मामंजींनी तिला गोठ्यात गव्हाणीच्या मागं नेलं. कुदळीचा आवाज होऊ नये म्हणून हातानं माती काढली असावी. परत आले तेव्हा नखांमधून रक्त येत होतं.

एक दिवस मला पडू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई माझ्यापुढं उभ्या राहिल्या. हातात दुपट्यांचं बोचकं. बाळासाठी मी जुन्या लुगड्यांची शिवलेली दुपटी. त्यांनी ती नीट गोल केली, माझ्या पोटावर ठेवली, वरून पट्टा आवळला आणि लुगडं नेसवलं. मागं सरून बघितलं. जरा खाली सरकवलं.

"ऊठ. घागर घे. त्याला दिसू दे."

"आत्याबाई, मला उभं ऱ्हावत न्हाई."

"पाडवा झाला की नीज बाई, म्हैनाभर नीज. मी पाय चेपीन तुझं. आत्ता ऊठ."

मी उठले. भाऊ बांधावर बसलेला. मी त्याच्या समोरून विहिरीवर गेले आणि आले. पाय थरथरत होते, पण पोटुशी बाई तशीच चालते, त्यात वेगळं काय? तो बघत होता. आमच्या गावच्या दोन बायकांनी माझ्या हातातली घागर घेतली. "जप गं बाय, आता थोडं दीस ऱ्हायलं," एक म्हणाली.

असं रोज. सकाळी बोचकं बांधायचं, रात्री सोडायचं. आता तुम्हाला सांगते, विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते बोचकं जड वाटायला लागलं. बसताना मी त्याला हात द्यायला लागले. एकदा दळताना मला आतून धक्का बसल्यासारखं झालं आणि मी जातं सोडून तशीच बसून राहिले. सोडून बघितलं तर दुपटी. परत बांधलं.

त्याहून भीती आत्याबाईंची वाटायची. आधी त्या केरबाला दिसेल तेव्हाच "जपून", "वाकू नकोस" म्हणायच्या. मग घरात, दार लावलेलं असतानाही म्हणायला लागल्या. माझ्यासाठी चिंच आणून ठेवली. एका दुपारी मी भिंतीला टेकले होते, तर जवळ येऊन बसल्या, बोचक्यावर तळहात ठेवला, आणि तोंड उजळलं त्यांचं.

"हलतंय बग आज," म्हणाल्या.

गजरा चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आत्याबाईंनी हात बराच वेळ तिथंच ठेवला.

आणि मामंजी. त्यांनी विचारणं थांबवलं असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. न्याहारीला बसले की ते तसेच माझ्याकडे बघायचे, तोंडानं काही न विचारता, ताटात हात न घालता. मग एके दिवशी मीच म्हणाले, "हलतंय, मामंजी." त्यांनी भाकरी मोडली. त्या घरात आम्ही चौघं होतो आणि पाचजण असल्यासारखे जगत होतो.

दुधाचा विचार कुणीच केला नव्हता. आत्याबाईंनी छातीला मोगऱ्याची फुलं बांधली, पट्टा आवळला, तरी दूध थांबेना. पाडवा दोन दिवसांवर आला तेव्हा मी विहिरीवरून येत होते. वारं सुटलं, डोईवर घागर असल्यामुळं पदर धरता आला नाही. माझ्या चोळीवर दोन ओले डाग होते. मी केरबाच्या अगदी समोर होते.

माझा भाऊ दोन लेकरांचा बाप. त्यानं डाग बघितले. मग पोट बघितलं. मग माझं तोंड. मी त्याला काहीच खूण केली नाही. करावी वाटत होतं. 'दादा, सांग जाऊन, सगळ्यांना सांग, मला रडू दे,' असं वाटत होतं. आणि त्याच वेळी वाटत होतं, सांगू नको, तुझे पाय धरते, त्यांना माझ्या पोरीवर नाचू देऊ नको. मी तशीच घरात आले आणि फटीतून बघितलं. केरबा उठून उभा राहिला होता. आता हा गावाकडे पळणार, असं मला वाटलं. तो पांगाऱ्याला हात लावून थोडा वेळ उभा राहिला आणि परत बसला, पण आमच्या घराकडे पाठ करून. दिवेलागणीपर्यंत तो तसाच पाठमोरा बसून होता. पाळतीच्या माणसानं पाठ करायची नसते.

पाडव्याला गुढ्या उभारून दोन्ही गावं खिंडीत आली. कडुलिंबाची चव जिभेवर तशीच होती. मध्ये परत गाडीभर जागा. आत्याबाईंनी त्या दिवशी बोचकं स्वतःच्या हातानं, खूप मायेनं बांधलं होतं. आम्ही चौघं ओळीनं उभे राहिलो. गणूतात्या आले.

"हैबती एक. बायको दोन. पोर तीन. सून चार." माझ्या पोटाकडे बोट दाखवलं. "पोटातलं एक. पाच." मग मागं वळले. "केरबा, म्होरं ये. भंडारा हातात घे."

केरबा आला. तात्यांनी त्याच्या तळहातावर बहिरोबाचा भंडारा ठेवला.

"पाळत तू केली. तुझं गाव तुझ्या तोंडाकडं बघतंय. मानसं जेवढी हुती तेवढी हायत का न्हाईत?"

केरबानं माझ्याकडे बघितलं. मागं आनंदा लोहार एका डोळ्यानं त्याच्याकडे बघत उभा होता. दोन शब्द बोलायचे होते माझ्या भावानं, 'एक गेलं', आणि झरा धारवटचा होता. त्याच्या स्वतःच्या बायकोला वैशाखात कोसभर चालावं लागलं नसतं. मी दोन्ही हात बोचक्यावर घट्ट धरून उभी राहिले.

"तेवढीच हायत," केरबा म्हणाला.

"कुणी दगावलं न्हाई?"

"न्हाई."

त्यानं भंडारा कपाळाला लावला. भंडारा नाकावर, मिशीवर सांडला.

आमच्या गावानं आरोळी ठोकली. धारवटकडून कुणीतरी शिवी दिली, ती केरबाला होती की बहिरोबाला, कुणास ठाऊक. आनंदा लोहारानं काठी उचलली. आमच्याकडच्याही काठ्या वर आल्या. एवढा खटाटोप करून परत तिथंच येणार होतं सगळं.

"थांबा!" मामंजी ओरडले. आयुष्यात मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता. ते त्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले. "शीव माझी खरी ठरली न्हवं?"

"ठरली," गणूतात्या म्हणाले.

"मग झऱ्याचं काय करायचं ते मी सांगनार. सकाळचं पानी धारवटचं, सांजचं आंबघोळचं. शीव झऱ्याच्या मदनं."

आमच्याकडून गलका झाला. "हैबती, डोकं फिरलं काय? जितल्यालं पानी वाटतोस?" पाटलांचा भाऊ पुढं आला.

"जामीन कुणी दिला?" मामंजी त्याच्यावर धावून गेले. "तुझ्या घरानं? तुझ्या सुनंनं? माझ्या घरानं दिला! ज्याला पानी पायजे आसंल, त्यानं आपल्या घरातली मानसं हितं उभी करावी आन् मोजून घ्यावी. चल, कर उभी! तुझी बी सून पोटुशी हाय न्हवं? आन तिला म्होरं!"

पाटलांच्या भावानं मागं बघितलं. बायकांत त्याची सून उभी होती. ती आपोआप दोन पावलं मागं सरकली. आनंदा लोहारानं काठी खाली टाकली. आमच्याकडचीही एक पडली, मग दुसरी.

अजूनही दोन्ही गावांत पोरांना सांगतात की बहिरोबानं कौल दिला आणि भांडण मिटलं. त्यानंतर तिथं कधी काठी उचलली गेली नाही, हे मात्र खरं. लेकी माहेरी यायला लागल्या, सोयरिकी झाल्या, गजराला तर धारवटमध्येच दिली.

मी तशीच उभी होते. सगळे एकमेकांत मिसळत होते, कुणी कुणाच्या गळ्यात पडत होतं. आणि समोरून माझी आई येताना दिसली. हातात सूप, त्यात नारळ, खण, तांदूळ. पोटुशी लेक दोन उन्हाळ्यांनी भेटत होती ना, ओटी भरायला आणलं होतं तिनं. सगळ्या बायका भोवती जमल्या. मी पदर पसरला. आईनं कुंकू लावलं, खण ठेवला, नारळ ठेवला. पदर नीट करताना तिचा हात माझ्या पोटाला लागला आणि तिथंच थांबला.

आईला कळलं. हातालाच कळलं. तिच्या तोंडावरचं काही म्हणजे काही हललं नाही. ती तांदळाची ओंजळ घेऊन माझ्या कानाशी वाकली, दृष्ट काढताना वाकतात तशी.

"काय हुतं गं? ल्योक का लेक?"

"लेक," मी म्हणाले.

एवढ्या दिवसांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं.

तिनं पहिली ओंजळ पदरात घातली. दुसरी घातली. तिसरी, चौथी, पाचवी. बायका गाणं म्हणत होत्या. आईनं परत सुपात हात घातला.

"अगं पारू, पाच झाल्या की," गणूतात्या बाजूनं म्हणाले. "किती भरतीस?"

"असू द्या, भावजी," आई म्हणाली आणि सहावी ओंजळ माझ्या पदरात सोडली. "ही माझ्या नातीची."

"नातीची? आत्तापासनं नात?" तात्या हसायला लागले. "नातू म्हन की गं, येडे! नातू म्हन!"

सगळे हसले. दोन्ही गावं हसली, दोन वर्षांत पहिल्यांदा एकत्र. आत्याबाई हसल्या. आईही हसली, आणि माझं मनगट घट्ट धरून मला बाळंतपणाला म्हणून माहेरी घेऊन निघाली.